माझा ठेवणीतला सोलो

"रिक्षा आत जाणार नाही," रिक्षावाला म्हणाला.

"का? आत वाघ सोडलेत?"

"क्लबचा वॉचमन ओरडतो, बाई."

"तो तुम्हाला ओरडला तर मी त्याला ओरडेन. आधी ह्या आमच्या सासूबाईंचे गुडघे बघा. हे गुडघे इथून चालत निघाले तर कार्यक्रम संपल्यावर पोचतील. तुमच्या आईला असं फाटकाबाहेर उतरवलं असतंत का? असतंत, तर तसं सांगा. मी इथेच उतरते, पण मग तुमच्या आईचा पत्ता द्या, मला तिच्याशी दोन शब्द बोलायचेत."

रिक्षा आत गेली. वॉचमन दांडकं घेऊन पुढे आला, तर त्याचं तोंड उघडायच्या आत मी त्याला सांगितलं की इथल्या पायऱ्यांना कठडा नाही, तो का नाही ते आधी सांग, मग रिक्षाचं बघू. बिचारा दांडकं बाजूला ठेवून सासूबाईंचा हात धरायला आला.

"मंदे, तुझ्या जिभेला हाड नाही गं," सासूबाई म्हणाल्या. पण म्हणाल्या कौतुकानं. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत घरची सगळी भांडणं त्यांनी माझ्याकडे सोपवली होती आणि निकालावर त्या खूश होत्या.

ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याच्या कॅम्पातला जुना क्लब, रविवारची सकाळ, आणि क्लबचा वार्षिक दिन. दर रविवारी लोक तिथे आमलेट-टोस्ट खात बसायचे आणि कोपऱ्यातल्या छोट्या स्टेजवर आम्ही तिघं जॅझ वाजवायचो. सॅक्सोफोनवर मार्टिन शिरसाठ मास्तर, त्या भल्यामोठ्या, व्हायोलिनसारख्या उभ्या बासवर डॉक्टर तुळपुळे, आणि पियानोवर मी, मंदाकिनी केतकर, मुलींच्या शाळेतली संगीताची बाई. ड्रमवाला नव्हता. मास्तरांपुढे ड्रमवाले टिकत नसत.

मास्तर मूळचे नगरकडचे. साठी उलटलेली, केस कोळशासारखे काळे केलेले, पायांत पांढरे बूट. स्वतःचा बँड होता त्यांचा, आठवडाभर लग्नाच्या वराती वाजवायचे आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा कोट घालून क्लबात यायचे. आपल्यासारखा सॅक्सोफोन अख्ख्या महाराष्ट्रात कोणी वाजवत नाही असं ते स्वतःच सांगत. दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघत नसत. डॉक्टर तुळपुळे दातांचे डॉक्टर. ते काहीच सांगत नसत. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावून त्यांचं स्वतःचं बहुतेक बंदच झालं होतं.

आधीचा पियानोवाला मुलीकडे कॅनडाला गेला तेव्हा मास्तरांनी मला घेतलं, पण कच्चं. "बाई, वार्षिक दिनापर्यंत बघू. जमलं तर खुर्ची तुमची. न्हाई जमलं तर मुंबईचा एक पोरगा यायला तयार बसलाय. त्याला म्हणे समोर कागद लागत न्हाई."

मला ती खुर्ची हवी होती. किती हवी होती ते सांगायची आता लाज नाही. शाळेत मी पियानोवर काय वाजवत होते? सकाळची प्रार्थना, पंधरा ऑगस्टला झेंडा, आणि स्नेहसंमेलनात फुलपाखरांच्या नाचाला साथ. पियानोच्या आठही परदेशी परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झाले होते, आणि फुलपाखरं दरवर्षी उजवीकडून येऊन डावीकडे जात होती. रविवारचे ते दोन तास मी कोणाच्या तरी पाठीमागे वाजवणारी बाई नव्हते. खुर्ची गेली असती तर मी रडले असते. नवऱ्यासमोर नाही, पण न्हाणीघरात कडी लावून नक्की.

पंचाईत एकच होती. जॅझमध्ये आधी सगळे मिळून धून वाजवतात. मग त्या धुनेची चौकट मागे फेऱ्याफेऱ्यानं फिरत राहते आणि एकेकानं पाळीपाळीनं त्यावर आपल्या मनाचं वाजवायचं असतं, त्या क्षणी सुचेल ते. त्याला सोलो म्हणतात. आणि मला काहीही सुचत नसे. कागद समोर असला की माझी बोटं घोड्यासारखी धावत, कागद काढला की बैलासारखी बसत.

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. शाळेत असताना आयत्या वेळच्या भाषणाचं बक्षीस मी चार वर्षं सोडलं नव्हतं. माझं एकच भाषण होतं, तोंडपाठ. ते 'गाय' या विषयावरही चालायचं आणि 'विज्ञान: शाप की वरदान' यावरही, फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य बदलायचं. परीक्षक म्हणायचे, मुलगी काय उत्स्फूर्त बोलते! तीच युक्ती मी इथे लावली. मास्तरांची स्वतःची एक चटपटीत धून होती, पहिला भाग दर रविवारी तिनंच संपायचा. तिच्यासाठी मी घरी बसून, खोडून, पुन्हा लिहून एक सुरेख सोलो तयार केला आणि पाठ केला. नुसते सूर नाहीत हं. कुठे अडखळल्यासारखं करायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं. मधे एका जागी मी दोन मात्रा गप्प राहायची, डोळे मिटायची आणि मान डावीकडे कलती करून काहीतरी शोधत असल्याचा चेहरा करायची. तो चेहरा मी कपाटाच्या आरशात बसवला होता.

दर रविवारी तेच. सूर न सूर तोच. मास्तर मात्र दर वेळी नवं वाजवायचे, कधी हसवणारं, कधी नुसतीच फुशारकी, आणि माझं झालं की माझ्याकडे बघून म्हणायचे, "वा बाई. मागल्या वेळेसारखंच झालं." मी म्हणायची, "थँक्यू, मास्तर."

घरी तर तो सोलो भिंतींनाही पाठ झाला होता. सासूबाई मेथी निवडताना तो गुणगुणायच्या. एकदा मी आतल्या खोलीत सराव करत होते तर स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मंदे, त्या वळणावर आज घसरलीस!" आणि खरंच घसरले होते.

तर अशा ह्या सासूबाई वार्षिक दिनाला आल्या होत्या. "इतके दिवस भिंतीआडून ऐकतेय, एकदा समोरून बघते," म्हणाल्या. इरकली साडी, वर शाल, हातात चहाचा थर्मास. क्लबातला चहा कसा असेल सांगता येत नाही, म्हणून. मी त्यांना अगदी पुढच्या टेबलाशी बसवलं. शेजारी एक कर्नलसाहेब पेपर वाचत होते. हे कर्नलसाहेब दर रविवारी तिथेच असायचे, आणि तोवर मी त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता, नुसता पेपर पाहिला होता.

पहिला भाग छान चालला. शेवटी मास्तरांनी पायानं ताल दिला आणि त्यांची धून सुरू झाली. सोलो तयार होता. मुंबईचा पोरगा गेला खड्ड्यात. धून संपली, आणि नेहमीप्रमाणे आधी मास्तरांची पाळी आली. त्यांनी सॅक्सोफोन उचलला.

पहिले चार सूर ऐकले आणि मला वाटलं, ओळखीचे आहेत.

पुढचे चार ऐकले आणि खात्रीच पटली. तो माझा सोलो होता. माझा! ओळीनं, सुरानं, जिथे मी खोटं अडखळायची तिथे ते खोटं अडखळत, अगदी सही सही. मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर छताकडे बघत होते. मास्तर त्या मधल्या जागी आले, दोन मात्रा थांबले, डोळे मिटले, आणि काळेभोर केस सांभाळत मान डावीकडे कलती केली.

माझा चेहरासुद्धा चोरला हो मेल्यानं!

आणि तेवढ्यात पुढच्या टेबलावरून खणखणीत आवाज आला, "अहो! हे आमच्या मंदाचं आहे!"

क्लबात काटे-चमचे थांबले. कर्नलसाहेबांचा पेपर खाली आला. त्यांना मिशा होत्या.

"चोर मेला!" सासूबाई कर्नलसाहेबांना म्हणाल्या. "घरी रात्रंदिवस हेच वाजवते ती. मला पाठ आहे. आता बघा, इथून वर जाईल."

मास्तर इथून वर गेले. कर्नलसाहेबांनी सासूबाईंकडे आदरानं पाहिलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. धरणीमाते, पोटात घे. इतके महिने मी मोठ्या हुशारीनं लपवलं होतं, ते माझ्या स्वतःच्या सासूनं अख्ख्या कॅम्पासमोर सांगून टाकलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मास्तरांनी शेवटचा सूर लांबवला, सॅक्सोफोन तोंडापासून काढला, झुकून मला हात केला आणि म्हणाले, "चला बाई. तुमची पाळी."

माझ्याजवळ काही नव्हतं. पाठ होतं ते वाजून गेलं होतं. तेच परत वाजवलं असतं तर सासूबाईंनीच सांगितलं असतं, आत्ता झालं ते. डॉक्टरांचा बास खाली चालत होता, धुम् धुम् धुम् धुम्, चौकट फिरत होती, आणि मी हात पट्ट्यांवर ठेवून बसले होते. एक अख्खा फेरा रिकामा गेला. मुंबईचा पोरगा मला स्वच्छ दिसला, बिनकागदाचा, माझ्या खुर्चीवर. दुसरा फेरा सुरू झाला. डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"मंदे!" सासूबाई उभ्याच राहिल्या होत्या. गुडघ्यांसकट. "गप्प काय बसलीस? बोल की त्याला!"

मी मास्तरांकडे बघितलं. ते पांढऱ्या बुटाचं टोक नाचवत उभे होते आणि हसत होते. हसत होते! माझं अंग नुसतं पेटलं.

मी एक सूर मारला. वरचा, कडक. अहो.

परत मारला. अहो, मास्तर.

तिसऱ्यांदा मारला आणि त्याच्या मागोमाग उजव्या हातानं धाडधाड खाली आले: लाज नाही वाटत? हे सूर मी आधी कधी वाजवले नव्हते, कुठे लिहिले नव्हते, ते बरे की वाईट ते मला माहीतही नव्हतं. मला फक्त त्या माणसाला सोडायचं नव्हतं.

मास्तरांनी सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि एकच छोटा, मिजासखोर सूर काढला. नाही वाटत.

असं का? त्यांचा तोच सूर मी उचलला, त्याला शेपूट लावलं आणि त्यांच्या अंगावर फेकला. ते लांबलचक काहीतरी सांगायला लागले, नेहमीची फुशारकी, तर त्यांना मी मधेच तोडलं. माझं बोलणं संपलेलं नाही! त्यांनी आवाज चढवला, मीही चढवला. ते एकदम खाली, लाडीगोडीनं आले, जाऊ द्या हो बाई, तर मी दोनच सूर वाजवून गप्प राहिले, आणि ह्या वेळी ते गप्प राहणं ठरवलेलं नव्हतं. पुढे काय म्हणावं ते मला खरंच कळत नव्हतं. मग कळलं, आणि म्हटलं. मधे मी चौकटीबाहेर गेले, कुठे आहे ते समजेना, तेव्हा डॉक्टरांनी बासची जाड तार इतक्या जोरानं ओढली की टेबलावरच्या कपबश्या वाजल्या, आणि तोंडानं म्हणाले, "इथे!" त्या क्लबात मी ऐकलेला त्यांचा हा पहिला शब्द. मी परत शिरले. डावा हात मांडीवरच राहिला होता, त्याची मला आठवणही नव्हती.

"बरोब्बर!" सासूबाई म्हणत होत्या. "ऐकून घेऊ नकोस!"

किती फेरे झाले कोण जाणे. शेवटी मास्तरांनी हात वर केला, आम्ही तिघांनी कशीबशी धून पकडली आणि संपवली. टाळ्या पडल्या. कर्नलसाहेबांनी पेपरची घडी घालून ती बगलेत धरून वाजवल्या.

मध्यंतरात मी मास्तरांना मागच्या व्हरांड्यात गाठलं.

"मास्तर, हा काय प्रकार? इतकी माणसं समोर असताना एका बाईची अशी अब्रू काढतात?"

"चहा घ्या आधी."

"चहा ओता तुमच्या त्या सॅक्सोफोनात! किती दिवस माहीत होतं तुम्हाला?"

"तिसऱ्या रविवारी कळलं," मास्तर बशीत चहा ओतत म्हणाले. "मागल्या वेळेसारखंच झालं, मागल्या वेळेसारखंच झालं, असं दर रविवारी म्हणत होतो, की बाईला कधीतरी राग येईल. तर तुम्ही थँक्यू म्हणायच्या! आता थँक्यू म्हणणाऱ्या माणसाला काय करावं?"

"म्हणून चोरी करायची?"

"चोरी न्हाई, धंद्यातली रीत हाये ती. दोन वराती एका चौकात समोरासमोर आल्या की बँडांची जुंपते, बघितलंय का कधी? समोरच्या बँडाचं एक ठेवणीतलं गाणं असतं. नेमकं कंचं, ते आपल्याला ठावं असतं. त्यानं काढायच्या आत ते आपणच वाजवून मोकळं व्हायचं. मग तो उघडा पडतो. उघडा पडला की एकतर पळतो, न्हाईतर वाजवायला लागतो."

तेवढ्यात कर्नलसाहेबांच्या हाताला धरून सासूबाई व्हरांड्यात आल्या. "तुम्हीच ना ते?" त्या मास्तरांना म्हणाल्या. "इतके छान काळे केस, आणि हे धंदे?"

मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि दोन्ही कान पकडले. "चुकलं, आजी. ज्याचं त्याला परत दिलं की लगेच."

"परत कुठे दिलंत? तिनं मग भलतंच काहीतरी वाजवलं." सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काय गं होतं ते? मला एक ओळसुद्धा ध्यानात राहिली नाही."

"मलाही नाही, आई," मी म्हटलं. आणि खरंच नव्हती. तिथल्या तिथे बोटांनी आठवून बघितलं, हाती काही लागेना.

सासूबाई कर्नलसाहेबांबरोबर थर्मासकडे परत गेल्या. मला जे विचारायचं होतं ते विचारायला आता मला धीर होईना, म्हणून आधी दुसरंच विचारलं.

"मास्तर, बरं झालं का हो?"

"छ्या! लई वाईट. दोनदा रस्ता चुकला. डावा हात तर घरीच ठेवून आला होता. शाळेतल्या पोरीनं वाजवलं असतं तर तुम्ही नापास केली असती."

"म्हणजे खुर्ची गेली?"

"कुठं जाते?"

"तो मुंबईचा मुलगा..."

"त्याला सकाळी फोन केला. म्हटलं, येऊ नको, आमच्याकडे बाई हाये."

मला वाटलं, माझीच काही गफलत होतेय. "आत्ता, मध्यंतरात?"

"सकाळी म्हणतोय ना. दाढी करायच्या आधी."

"पण मास्तर, तेव्हा तर मी पाठ केलेलंच वाजवत होते. आणि मी गप्पच बसले असते तर? तो नाही, मी नाही. मग तुम्ही काय केलं असतंत?"

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, वाकले आणि बुटावर पडलेला चहाचा थेंब पुसायला लागले. थेंब केव्हाच निघाला होता, तरी ते पुसतच राहिले.

"एक फेरा तुम्ही गप्प होता ना बाई," खाली बघतच ते म्हणाले, "तवा माझ्या पण मनात तेच आलं."

"चहा घ्या आधी," मी म्हटलं.

डॉक्टर तुळपुळे दारात आले. लोक परत टेबलाशी बसलेत, असं त्यांनी हातानंच सांगितलं. मास्तरांनी रुमाल खिशात कोंबला, केसांवरून हात फिरवला आणि छाती काढली. आम्ही स्टेजवर गेलो. मी खुर्ची पुढे ओढून बसले.

"बोला बाई," मास्तर सॅक्सोफोन गळ्यात अडकवत म्हणाले. "काय घ्यायचं?"

"तुम्ही सुरू करा," मी म्हटलं. "मी बघते."